उमाप बाईंचा जबाब

सुवार्ता उमापला प्रश्नांचं वावडं नव्हतं. वाकोल्यातल्या पालिकेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं तिने पोरांना शिकवलं होतं, आणि पोरं काय वाटेल ते विचारतात. तिचं डोकं फिरायचं ते फक्त एका जातीच्या प्रश्नांनी. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, आणि त्याला फक्त तुमचं तोंड कसं होतं ते बघायचं असतं, त्या प्रश्नांनी.

"बाई, तुमचं गाव गोव्यात कुठे?"

"राहुरी."

"राहुरी गोव्यात?"

"नगर जिल्ह्यात."

"मग तुम्ही ख्रिश्चन कशा?"

इथपर्यंत आलं की ती पदर खोचायची. तिचे आजोबा तमाशात ढोलकी वाजवायचे. चाळिशीत ख्रिस्ती झाले आणि तीच ढोलकी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घेऊन आले. त्यांच्यामागे तिसरी पिढी झाली, तरी लोकांना हिशेब सुवार्ताकडूनच हवा असायचा. "का झाले ते त्यांना विचारा," ती म्हणायची. "राहुरीच्या दफनभूमीत आहेत. डाव्या हाताला, चिंचेखाली."

तिचा नवरा रत्नाकर बेस्टच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होता आणि निवृत्त झाल्यापासून फार बोलत नसे. तो म्हणायचा, "अगं, सोडून दे ना." ती सोडून देत नसे. अठ्ठावन्नला निवृत्ती होती आणि तिला अजून दीड वर्ष काढायचं होतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात मतदार यादीच्या पडताळणीचं काम तिच्या गळ्यात पडलं. तिला बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर केलं. नाव भारदस्त, काम दारोदार फिरायचं. दुपारी शाळा सुटली की पिशवीत यादी घेऊन निघायचं, माणूस त्या पत्त्यावर राहतो का ते बघायचं, राहत असेल तर बरोबर, गेला असेल तर तसं लिहायचं. तिने सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. मुलगा सुजित दोन वर्षांपूर्वी बदलापूरला राहायला गेला होता, पण त्याचं नाव आईबापाच्या पत्त्यावरच होतं.

"मम्मी, राहू दे ना यार. सगळे ठेवतात," तो फोनवर म्हणाला.

"सगळ्यांची आई बीएलओ नसते. फॉर्म भर."

त्याने कुरकुरत भरला.

तिच्या वाट्याला दोन इमारती आणि श्रमसाफल्य नावाची चाळ आली होती. इमारतींचं काम चार दिवसांत उरकलं. चाळीतली पुढची ओळही झाली. अडलं ते मागच्या ओळीतल्या अकरा खोल्यांशी. चाळ पाडून तिथे बारा मजली इमारत व्हायची होती, आणि या अकरा घरांनी अजून संमती दिली नव्हती. आपल्याला नव्या इमारतीत नेमकी कुठली जागा मिळणार, हे त्यांना कागदावर लिहून हवं होतं. चाळ कमिटीचे अध्यक्ष नंदकुमार साटम यांना ते लिहून द्यायचं नव्हतं. मतदार यादीतून नाव गेलं की इथे राहत असल्याचा एक धडधडीत पुरावा गेला, हे साटमांना चांगलं कळत होतं. मागच्या ओळीतल्या माणसांनाही कळत होतं, पण ती सगळी पहाटे कामावर जाणारी आणि दिवेलागणीनंतर येणारी. सुवार्ता तीन वेळा गेली, तिन्ही वेळा दारांना कुलपं.

तिसऱ्या वेळी ती परत निघाली तेव्हा साटम कमिटीच्या ऑफिसबाहेर खुर्ची टाकून बसले होते. आजूबाजूला पाचसहा माणसं. साटमांचे वडील गिरणीत होते आणि साटम स्वतः एका बँकेतून निवृत्त झाले होते. माणूस हुशार. बोलायला लागला की आधी हसायचा.

"अवो मॅडम, दमलात. बसा. कुलपं दिसली ना? कोण नाय रवत थय. स्थलांतरित लिहा नि मोकळ्या व्हा."

"कुलूप म्हणजे स्थलांतर नाही, साटमसाहेब. दोरीवर कपडे वाळतायत."

माणसं हसली. साटमही हसले, पण ते हसणं वेगळं होतं.

"बरं, मॅडम, एक विचारू? राग मानू नका हां. समजा सरकारने एक सांगितलं आणि तुमच्या देवाने दुसरंच सांगितलं. तुम्ही कोणाचं ऐकणार? आधी देव की आधी देश?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. सुवार्ताला सापळा लगेच दिसला. देव म्हटलं की ही बाई देशाची नाही. देश म्हटलं की ही बाई भित्री, तिला वाटेल तशी वाकवता येईल. चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत लहानपणी ऐकलेली गोष्ट तिला आठवली. येशूलाही लोकांनी भर मंदिरात असंच पकडलं होतं, राजाला कर द्यायचा की नाही म्हणून. त्याने शांतपणे नाणं मागून घेतलं होतं आणि राजाचं राजाला, देवाचं देवाला द्या म्हणून सांगितलं होतं. सुवार्ताजवळ ती शांतता नव्हती.

"साटमसाहेब, हा प्रश्न तुम्ही रेशनवाल्याला विचारता? दूधवाल्याला? तुमच्या बँकेतल्या साहेबाला विचारलात कधी? मग मलाच का?"

"सहज हो. जनरल नॉलेज."

"पोरांना शिकवते मी जनरल नॉलेज. त्यात हे नसतं."

घरी येईपर्यंत ती धुमसत होती. उत्तर चुकलं नव्हतं, पण ते उत्तर नव्हतंच, हे तिला कळत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

पुढच्या रविवारी मतदान केंद्रावर शिबिर होतं, म्हणून ती उपासनेला अर्धा तास उशिरा पोचली. यादीची पिशवी पायाशी ठेवून मागच्या बाकावर बसली. पास्टर जोएल साळवे पस्तिशीचा, तडफदार माणूस. प्रवचनात तो म्हणाला की आजकाल काही जण देवाच्या दिवशीसुद्धा सरकारची पिशवी खाली ठेवत नाहीत. चार माना मागे वळल्या.

उपासना संपल्यावर तो स्वतःच तिच्याकडे आला. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. एक काम होतं. आपला सिमोन थोरात. श्रमसाफल्यमध्ये मागच्या ओळीत त्याची खोली आहे."

"तो नालासोपाऱ्याला राहतो ना? तुम्हीच घरभरणीची प्रार्थना केलीत."

"राहतो. पण नाव इथे ठेवा. बिल्डिंग झाली तर गरीब माणसाला आधार होईल. आपल्याच चर्चच्या मंडळीतला माणूस आहे."

"पास्टर, तो तिथे राहत नाही. राहतो असं मी कसं लिहू?"

जोएलने आवाज खाली आणला. "बाई, सरकारची इतकी भीती? देवापेक्षा जास्त?"

बाहेर साटम आणि आत हा. दोघांनी जणू एकाच वहीतून प्रश्न उतरवून आणला होता.

"खोटी साक्ष देऊ नको, हे मला कोणी पाठ करून घेतलं? सरकारने? शब्बाथ शाळेत चुकलं की हातावर पट्टी बसायची, पास्टर. चर्चची पट्टी होती ती."

ती पिशवी उचलून निघाली. रत्नाकर मागून चालत होता. रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "पट्टीचं बोलायला नको होतं."

"मग काय बोलायचं होतं?"

रत्नाकरने तिच्या हातातली पिशवी घेतली.

बुधवारी पर्यवेक्षक नितेश घाडी याने तिला कार्यालयात बोलावलं. वयाने तिच्या मुलाएवढा, आणि वरून सारखे फोन येत असल्यामुळे कायम घामाघूम. त्याने अकरा फॉर्म तिच्यासमोर सरकवले. सगळ्यांवर 'स्थलांतरित' आधीच लिहिलेलं होतं. फक्त सहीची जागा मोकळी.

"बाई, तीनदा जाऊन आलात, कुलूप होतं. नियमात बसतं. सही करा, आज डेटा बंद करायचाय."

"हे अक्षर कोणाचं?"

"अक्षराचं काय घेऊन बसलात?"

"शिक्षिका आहे मी, अक्षराचंच घेऊन बसणार. मला लेखी आदेश द्या, की न बघता सही करा."

नितेश वैतागला. "असं लेखी कोण देतं? तुम्ही सरकारी माणूस आहात ना? सरकार सांगतंय ते करायचं. का तुमच्यात चालत नाही सरकारचं ऐकलेलं?"

खोलीत आणखी तिघे बीएलओ होते. कोपऱ्यात तिची शाळेतली मैत्रीण कुंदा होती. कुंदाने फॉर्ममधून मान वर काढली आणि पुन्हा खाली घातली, कारण पुढे काय होणार हे तिला माहीत होतं.

"नितेश," सुवार्ता म्हणाली. 'सर' गळून पडलं ते तिच्याही लक्षात आलं नाही. "सरकारने मला ट्रेनिंग दिलं. पुस्तिका दिली. त्यात लिहिलंय, जे आहे ते लिहा. तू सांगतोयस, जे नाही ते लिहा. मग सरकारच्या विरुद्ध कोण आहे? मी का तू?"

नितेशचा फोन वाजला. तो उचलून बाहेर गेला. सुवार्ताने कारकुनाकडून अकरा नवे कोरे फॉर्म मागून घेतले आणि निघाली.

"वाट लावून घेशील स्वतःची," कुंदा जिन्यात म्हणाली. "दीड वर्ष राहिलंय गं तुझं."

"लागू दे."

"सही करून टाकली असतीस तर काय झालं असतं?"

"रात्री झोप लागली नसती. आणि मला झोप महत्त्वाची आहे, कुंदा. गुडघे दुखतात माझे."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ती श्रमसाफल्यच्या मागच्या ओळीत उभी होती. नळाला पाणी आलं होतं आणि ओळीत एकाही दाराला कुलूप नव्हतं. पहिल्या खोलीत मालन पवार राहायची. साठी उलटलेली, एकटी. देवनारला भंगार निवडायच्या कामावर जायची. डबा बांधता बांधता तिने सुवार्ताला आत घेतलं.

"तीनदा येऊन गेले मी," सुवार्ता म्हणाली. "चिठ्ठी लावली होती दाराला."

"मला वाचता येत न्हाय, बाई. मला वाटलं लाइटबिलाचं काय तरी."

"शेजाऱ्यांना विचारायचं नाही? नाव गेलं असतं म्हणजे? सरळ बसा. आधार कार्ड काढा. हे नाही, हे बँकेचं. ते हिरव्या पिशवीतलं. हां."

मालनने कार्ड हातात धरून ठेवलं. "बाई, येक विचारू का?"

सुवार्ताच्या कपाळावर आठी चढली. "विचारा."

"तुमी किरिस्ताव ना? सिमोनच्या देवळातल्या. म्या तर तुळजाभवानीची. मग माझं नाव ठेवाल ना?"

या बाईला खरंच भीती वाटत होती. ते कळलं आणि सुवार्ता नेहमीसारखी खेकसली.

"मालनताई, या फॉर्मात देवाचा रकाना कुठे दिसतोय तुम्हाला? तुम्ही इथे राहता ना? झोपता इथे? मग संपलं. अंगठा नको, सही येते का? येते ना? मग कंजूषपणा कसला, पूर्ण नाव लिहा."

मालनने जीभ दाताखाली धरून सही केली. मग चहा पुढे केला. सुवार्ताने कप हातात घेतला, सवयीने क्षणभर डोळे मिटले आणि प्यायली. दारासमोरून साटमांची बायको रुक्मिणी पाण्याची बादली घेऊन चालली होती. ती थबकली, बघितलं आणि पुढे गेली.

सात वाजेपर्यंत अकरा खोल्या झाल्या. नऊ घरांत यादीतलीच माणसं होती, हाडामांसाची. दोन घरं खरोखर गेलेली होती. त्यातलं एक सिमोन थोरातचं. दोन्हींत आता भाडेकरू होते. सुवार्ताने नऊ ठिकाणी 'राहतात' लिहिलं, दोन ठिकाणी 'स्थलांतरित'. सिमोनच्या फॉर्मवर लिहिताना तिचा हात थांबला. घरभरणीला त्याने किती आग्रहाने वाढलं होतं, ते आठवलं. मग तिने लिहिलं.

आठ दिवसांनी तिच्याविरुद्ध अर्ज आला. मतदार पडताळणीच्या नावाखाली सदर बीएलओ पहाटेच्या वेळी गरीब महिलांच्या घरात शिरून प्रार्थना करतात आणि धर्मांतरासाठी दबाव आणतात. खाली चौदा सह्या. पहिली नंदकुमार साटमांची.

रत्नाकरने तो कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच 'सोडून दे' म्हणाला नाही. त्याने कपाटातून तिची धुतलेली, कडक इस्त्रीची पांढरी साडी काढून ठेवली. "ही नेस. नीट दिसायला पाहिजे."

पास्टर जोएलचा फोन आला. त्याच्या आवाजात काळजी होती आणि थोडं 'मी म्हटलं नव्हतं?' पण होतं. "बाई, आपल्या वकिलांना सांगू का? की जबाबात फार काही न बोलता, सरकारशी एकनिष्ठ आहे एवढंच लिहून या. मंडळीवर येईल नाही तर."

"पास्टर, दोन आठवड्यांपूर्वी तुम्हीच विचारत होतात ना, मला सरकारची भीती वाटते का म्हणून?"

'काळजी घ्या' म्हणून पास्टरने फोन ठेवला.

चौकशी सुनंदा पाटणकर नावाच्या अधिकारी करणार होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, टेबलावर थंड झालेली इडली. खोलीत नितेश होता, साटम होते आणि साटमांच्या मागे रुक्मिणी. अर्जासोबत साटमांनी दहा प्रश्नांची यादीच जोडली होती, आणि पाटणकर मॅडमना ती वाचणं भाग होतं.

"तुम्ही पहाटे का गेलात?"

"दुपारी कुलूप असतं म्हणून. त्यांना कामं असतात."

"तुम्ही घरात प्रार्थना केलीत?"

"चहा प्यायच्या आधी डोळे मिटले."

"का?"

"देवाचे आभार मानायला. चहा फुकट मिळाला होता."

पाटणकर मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढचा प्रश्न घेतला. असे आठ प्रश्न झाले. तुमच्या चर्चला पैसे कुठून येतात, तुमच्या मुलाचं लग्न कोणाशी झालं, तुम्ही शाळेत कुठली प्रार्थना म्हणता. शाळेची प्रार्थना तिने अख्खी म्हणून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मॅडमनी हात वर केला. नववा प्रश्न वाचायच्या आधी त्यांनी सुस्कारा टाकला.

"सदर बीएलओ देवाला मोठं मानतात की सरकारला? ... उमाप बाई, याचं उत्तर दिलं नाहीत तरी चालेल."

साटम खुर्चीत पुढे सरकले. सुवार्ताने त्यांच्याकडे बघितलं. तीन आठवडे हा प्रश्न तिच्या मानेवर बसला होता. चुकवायला आता तिच्याजवळ ताकद नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

"देवाला," ती म्हणाली. "लिहा."

नितेशने डोकं हातात धरलं.

"देव मोठा. या खोलीत कोणाचा नाही, सांगा मला? साटमसाहेब, तुमच्या ऑफिसात गणपतीचा फोटो वर आहे आणि कमिटीचा फोटो खाली. मी काही बोलले? माझ्या देवाने मला सांगितलंय, खोटं लिहू नको. म्हणून तुमच्या यादीतली माझी पानं खरी आहेत. म्हणून मी आमच्याच मंडळीतल्या माणसाचं नाव काढलं. सरकारने खरं लिही म्हटलं तर मी उन्हातान्हात, दुखऱ्या गुडघ्यांनी लिहीन. उद्या खोटं लिही म्हटलं तर नाही लिहिणार, आणि त्याची जी शिक्षा असेल ती घेईन. पळून जाणार नाही. आता हे सगळं लिहा, आणि दहावा विचारा. मला चारला शाळेत मीटिंगला जायचंय."

पाटणकर मॅडम म्हणाल्या, "असंच लिहू?"

"असंच."

त्यांनी लिहिलं. शब्द न् शब्द. दहावा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

तेवढ्यात दारात गलका झाला. मालन पवार कामावर दांडी मारून आली होती आणि तिच्यामागे मागच्या ओळीतल्या चार बायका. शिपाई त्यांना अडवत होता. पाटणकर मॅडमनी मालनला आत बोलावलं.

"या बाईंनी तुम्हाला धर्म बदला म्हणून सांगितलं?"

मालनने सुवार्ताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "धरम बदलायला सांगणारी माणसं ग्वाड बोलत्यात म्हणं, सायेब. ही बाई कुठं ग्वाड बोलती? आल्यापासून खेकसत हुती. सरळ बसा, कार्ड काढा, पूर्ण नाव लिवा. माझी सासू परवडली."

नितेश फस्सकन हसला आणि त्याने तोंडावर रुमाल धरला. पाटणकर मॅडम खाली मान घालून लिहीत राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. रुक्मिणी नवऱ्याला न विचारताच हळूच म्हणाली, "प्रार्थना म्हणजे मी एवढंच बघितलं की डोळे मिटलेले होते. बाकी सह्यांचं मला काही माहीत नाही."

अर्ज निकाली निघाला. नऊ नावं यादीत राहिली. पण कार्यालयाने सुवार्ताला 'प्रशासकीय कारणास्तव' श्रमसाफल्यवरून काढलं आणि कालिन्याच्या बाजूचा भाग दिला, जिथे चार मजल्यांच्या सात इमारती होत्या आणि एकीलाही लिफ्ट नव्हती. दोष नाही म्हणायचं आणि शिक्षा द्यायची, ही पद्धत तिला शाळेतही कधी जमली नव्हती. ती प्रत्येक जिन्यावर थांबून थांबून बडबडत चढली आणि सगळं काम वेळेत केलं. सिमोन थोरात वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पास्टर जोएल बोलायचा, पण हात मिळवताना त्याची नजर दुसरीकडे असायची. ती दर रविवारी जाऊन बसत होती. देऊळ पास्टरचं नाही, असं ती रत्नाकरला सांगायची, आणि ते खरं असलं तरी तिला टोचायचं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी बेल वाजली. दारात साटम उभे होते, सोबत त्यांची मुलगी श्रुतिका. पोरीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती आणि तिचं नाव यादीत घालायला केलेला अर्ज दोनदा परत आला होता. नवा बीएलओ फोन उचलत नव्हता.

"मॅडम, तुम्ही म्हणाल मी कुठल्या तोंडाने आलो..."

"आत या. चपला बाहेर."

तिने फॉर्म बघितला. घरनंबर चुकलेला, वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. तिने कपाळावर हात मारला, नवा फॉर्म काढला आणि श्रुतिकाला शेजारी बसवून एकेक रकाना भरून घेतला. पोरीचं अक्षर बरं होतं, हे तिने नाइलाजाने कबूल केलं.

साटम सोफ्याच्या टोकावर बसले होते. पाणी प्यायले, पेला खाली ठेवला.

"मॅडम, तुमच्या मनात राग नाही ना?"

"आहे," सुवार्ता म्हणाली. "इथे सही करा. वडिलांची. पूर्ण नाव."